चालू फटफटीवरचे डॉक्टर

हिवराळे डॉक्टर चहा प्यायचे तो भर रस्त्यात, फटफटीवर बसून आणि इंजिन चालू ठेवून. कप त्यांच्या डाव्या हातात, बशी यजमानाच्या हातात. इंजिन धापा टाकायला लागलं की ते उजव्या हातानं मूठ पिळायचे, सगळी फटफटी थरथरायची आणि कपातला थोडा चहा यजमानाच्या अंगावर उडायचा. घनसावंगीच्या लोकांना याची इतकी सवय झाली होती, की डॉक्टरांना चहा देणारा माणूस आपोआप हात लांब करून आणि पोट आत घेऊन उभा राहायचा.

ते गुरांचे डॉक्टर होते. गावात सरकारी दवाखाना होता, त्यावर पाटी होती, पण डॉक्टर त्यात क्वचितच सापडायचे. आजारी बैल काही दवाखान्यात चालत येत नाही, आणि जो चालत येतो तो आजारी नसतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळी निघायचे ते गोदाकाठची गावं, वाड्या, मळे करत कधी कुंभार पिंपळगावपर्यंत जायचे. फटफटीच्या एका बाजूला औषधांची चामडी पेटी, दुसऱ्या बाजूला गुरांना औषध पाजायचा बांबूचा नळ. कानावरून टॉवेल गुंडाळलेला, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. माणूस ठेंगणा, काळा, काटक. दुरून पाहिलं तर फटफटीच त्यांना घेऊन कुठंतरी निघाली आहे असं वाटायचं.

माझी त्यांची पहिली भेट कानांनी झाली. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. घनसावंगी अंबड तालुक्यात होतं आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. पहिल्याच दिवशी वर्गात कविता म्हणून घेत असताना बाहेरून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडू लागलं. शेण कसं झालं, किती पातळ झालं, काल काय खाऊ घातलं, असे प्रश्न होते. मला वाटलं भांडण लागलं. मी खडू तसाच धरून दाराशी गेले. पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, “बाई, काई न्हाई. डॉक्टर हायेत. पाटलाच्या म्हशीचं पोट फुगलंय.” आणि सगळा वर्ग पुढची ओळ म्हणू लागला.

इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्यानं बोलण्याची सवय डॉक्टरांना इतकी जडली होती, की फटफटी बंद असली तरी त्यांचा आवाज खाली यायचा नाही. त्यामुळे गावातल्या जनावरांची कोणतीही गोष्ट खासगी उरत नसे. कोणाची गाय गाभण आहे, कोणाची राहिली नाही, हे मालकाच्या आधी गल्लीला कळायचं. एकदा एका शेतकऱ्यानं बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांना रस्त्यात गाठून हळूच विचारलं, की बैलाच्या मागच्या पायाला जरा काही लावायला देता का, उद्या विकायला काढायचा आहे. डॉक्टरांनी मूठ पिळली आणि उत्तर दिलं, “तो पाय बिलकुल नीट होणार न्हाई. दोन महिने झाले लंगडून राह्यलाय तो.” दुसऱ्या दिवशी बैल बाजारातून जसा गेला तसा परत आला. शेतकरी भांडायला आला तेव्हा डॉक्टरांना खरंच नवल वाटलं. म्हणाले, “म्या काय खोटं बोललो का? बैल लंगडतो तं लंगडतो.”

योगायोगानं मला खोली मिळाली ती त्यांच्याच शेजारी. मग सकाळची किक रोज ऐकू येऊ लागली. थंडीच्या दिवसांत ती फटफटी सहजासहजी चालू व्हायची नाही. डॉक्टर किक मारायचे, थांबायचे, टाकी हलवून पाहायचे, पुन्हा किक मारायचे. या वेळात ते एक शब्दही बोलायचे नाहीत. दिवसातला तेवढाच त्यांचा अबोला. शेवटी गल्लीतली दोन माणसं दात घासता घासता उठून यायची आणि न बोलावता मागून ढकलायची. इंजिन लागलं की डॉक्टर मागं न पाहता हात हलवायचे आणि ओरडून आभार मानायचे, ते साधारण पुढच्या चौकात ऐकू जायचे.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि नवऱ्याची थट्टा करताना चेहऱ्यावरची रेघ न हलवणाऱ्या. संसाराची बहुतेक वाहतूक त्यांनी फटफटीच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून केलेली. पुढं टाकीवर धाकटी लेक, मध्ये मुलगा, मागं वहिनी, वहिनींच्या मांडीवर गाठोडं. एप्रिलात जयंतीला असे सगळे मंठ्याकडच्या त्यांच्या गावी जायचे. पावसाळ्यात तर आणखी मजा. आमच्याकडची काळी माती चाकात आणि मडगार्डात अशी गच्च बसते की चाक फिरेनासं होतं. डॉक्टरांनी त्यावर उपाय म्हणून पुढचं मडगार्डच काढून टाकलं होतं. मग चाकाची सगळी माती तोंडावर. वहिनी म्हणायच्या, “हे घरी आले का आधी धुवून काढावे लागतात ताई, मंग ओळख पटते.”

मोटारीचा विषय निघाला की डॉक्टर तावातावानं बोलायचे. त्यांच्याच हुद्द्याच्या, दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरानं जुनी मोटार घेतली होती. डॉक्टर म्हणायचे, “मोटार रस्त्यावर उभी राहाती. बैल शेतात बसेल असतो. मंग काय बैलानं उठून मोटारीपाशी यायचं?” हे बरोबरच होतं. बांधावरून, पांदीतून, उसाच्या दोन सऱ्यांमधून जायचं तर फटफटीच पाहिजे. पण तेवढंच कारण नव्हतं, हे मला पुढं कळलं.

माझं लग्न झालं. आमचे हे कुंभार पिंपळगावच्या हायस्कुलात शिक्षक. शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. एका रविवारी दुपारी डॉक्टर आणि वहिनी आमच्या ओसरीवर बसले होते. आमच्याकडे डॉक्टर बसत असत, म्हणून आमच्या यांनी मोकळेपणानं विचारलं, की इतरांच्या दारात तुम्ही फटफटीवरून उतरत का नाही? गोठ्यात जनावरापाशी तासन्‌तास बसता, मग घरात चहाला यायला काय होतं?

डॉक्टर हसले. मग त्यांच्या मानानं पुष्कळच हळू बोलायला लागले.

“आमच्या गावाला दगडी वेस हाय. माझा बाप त्या वेशीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तवापासून त्यानं ते सोडलं. पण वेशीजवळ आला का त्याचा पाय अजून अडखळतो. मी शिकायला गेल्तो, तिकडून सायकल घेऊन आल्तो. वेशीत एक जण बसेल होता. म्हणला, इथून पुढं उतरून हातात धरून चाल. मी उतरलो. मंग ठरवलं, आता असं वाहन घ्यायचं का ते हातात धरून चालवताच येणार न्हाई. इतकं जड पाहिजे. आणि आवाज असा पाहिजे, का कोणी उतर म्हणलं तं आपल्याला ऐकूच येऊ नये.”

यांनी विचारलं, मग मोटार का नाही?

“मोटारीला काचा असतात. आत कोण बसलंय ते दिसत न्हाई. मला तं दिसायचं होतं.”

मला आठवलं, की डॉक्टरांना रस्त्यात चहा द्यायला सगळे पुढं येत. त्यात आदर होताच, पण सोयही होती. त्यांना ओसरीवर बसवायचं की अंगणात, घरातला कप द्यायचा की वेगळा, हे कुणाला ठरवावं लागत नव्हतं. डॉक्टरांनी हे कधीच ओळखलं होतं आणि ते ठरवण्याची वेळच कुणावर आणली नव्हती.

वहिनी तेवढ्यात सुपारी कातरत म्हणाल्या, “हे सगळं बराबर हाय भाऊजी. पण फटफटी एकदा बंद केली का ह्यांच्याच्यानं लवकर चालू होत न्हाई, हे बी एक कारण हाय.”

डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. “ते बी हाय.”

आणि मग एके दिवशी त्यांच्याच दारात मोटार आली. वहिनींचे थोरले भाऊ मुंबईत मोटारी दुरुस्त करायचे. त्यांचा एक जुना गिऱ्हाईक परदेशी गेला, जाताना आपली म्हातारी मोटार त्यांना देऊन गेला. मुंबईत ती ठेवायला जागा नाही. भावांनी ती नीट केली, फिकट निळा रंग दिला, स्वतः चालवत घनसावंगीला आणली, बहिणीच्या दारातल्या लिंबाखाली उभी केली आणि एसटीनं परत गेले. डॉक्टरांनी तिच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, “हिला गोठा कुठं बांधायचा?”

काही महिने मोटार लिंबाखाली उभी राहिली. वहिनी ती रोज पुसायच्या. कोंबड्या टपावर बसायच्या. डॉक्टर तिच्या शेजारून फटफटी ढकलत न्यायचे आणि तिच्याकडे बघायचे नाहीत. एक दिवस वहिनींनी मला सांगितलं, की त्या मोटार शिकणार आहेत. मी आधी थट्टा समजले. पण त्यांनी गुरूही ठरवला होता. आमच्या मागच्या गल्लीत रशीदचाचा म्हणून एक म्हातारे राहायचे. त्यांचा जन्म जालन्याच्या कापसाच्या जिनिंगच्या ट्रका चालवण्यात गेला होता. आता गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती. ते शेजारी बसायचे, काठी मांडीवर आडवी, आणि वहिनी चालवायच्या. गावाबाहेर अंबड रस्त्याला एक माळ होता, तिथं सकाळी शिकवणी चालायची. चाचांचं एकच शिकवणं: “बेटी, क्लच आहिस्ता छोड. जल्दी कायकू?”

डॉक्टर यावर काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसांत अंबड रस्त्यावरची गुरं फार आजारी पडू लागली. शिकवणीच्या वेळेला डॉक्टरांना नेमकं त्याच बाजूला बोलावणं असायचं. माळाजवळ आले की फटफटी हळू व्हायची, डॉक्टर समोर बघत राहायचे आणि डोळे मात्र पार कोपऱ्यात.

गावात कुजबुज झाली. बाईमाणसानं मोटार चालवायची, तीही हिवराळ्यांच्या घरच्या बाईनं, हे काहींना पचायला जड गेलं. एका दुकानाच्या फळीवर बसणाऱ्यांनी काहीतरी वेडंवाकडं म्हटलं, आणि वहिनींनी घरी येऊन विचारलं, की सोडून देऊ का? डॉक्टरांनी उलट विचारलं, “कोण काय म्हणतं ते आत बसल्यावर ऐकू येतं का?” वहिनी म्हणाल्या, न्हाई, इंजिनाचा आवाज असतो. “मंग चालव,” डॉक्टर म्हणाले आणि जेवायला बसले.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. आठव्या महिन्याच्या अखेरीला मला न्यायला भाऊ येणार होता. पण भाद्रपदात पावसानं झड लावली, आणि भाऊ यायच्या आधीच एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. आमचे हे तेव्हा पिंपळगावला होते. वहिनी धावत आल्या, गिरजामावशीला, म्हणजे गावच्या सुईणीला, घेऊन आल्या. मावशीनं पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिचा चेहरा बदलला. मूल आडवं होतं. माझ्याच्यानं होणार न्हाई, अंबडला न्या, एवढंच ती म्हणाली.

एसटी आदल्या दिवसापासून बंद होती. गावात एकच जीप, तीही कुणाच्या तरी लग्नाच्या बोलणीला गेलेली. डॉक्टर नुकतेच कुठल्याशा वाडीवरून परतले होते, तसेच चिखलानं माखलेले दाराबाहेर उभे राहिले. आत आले नाहीत. दाराला तोंड लावून ते म्हणाले, आणि तेव्हा ते ओरडत नव्हते, “बाई, माणसाचं मला कळत न्हाई. पण आडवं आलेलं वासरू मी पाह्यलंय. वेळ घालवू नका. सुमन, मोटार काढ.”

मला मागच्या सीटवर आडवं केलं. माझं डोकं मावशीच्या मांडीवर. वहिनी पुढं एकट्या. रशीदचाचा आपल्या ओट्यावर काठी टेकत उभे राहिले होते. त्यांनी नुसता हात हळूहळू खाली आणून दाखवला. क्लच आहिस्ता. गावच्या बाहेर पडताना मला पुढून फटफटीचा आवाज ऐकू येत होता. डॉक्टर पुढं निघाले होते.

अंबडचा रस्ता तेव्हा खडीचा, आणि मधेमधे खडीसुद्धा नाही. पावसानं कुठं खड्डा आणि कुठं रस्ता ते दिसत नव्हतं. डॉक्टर पुढून जात, जिथं चाक रुतत नसे तिथून डावा हात उंच करत, आणि वहिनी बरोबर त्यांच्या चाकोरीतून मोटार घालत. समोरून येणारी बैलगाडी डॉक्टरांचा आवाज ऐकून आधीच बाजूला व्हायची. मी कळा सोसत होते आणि तरी मला आठवतं, की वहिनी स्वतःशीच पुटपुटत होत्या, जल्दी कायकू, जल्दी कायकू.

मध्ये एक ओढा होता. एरवी त्यात पायाचा तळवा भिजत नसे. आज तो गढूळ होऊन वाहत होता. वहिनींनी मोटार काठावर धरली. डॉक्टरांनी फटफटी सरळ पाण्यात घातली. मध्यावर गेल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. एकदम नुसता पाण्याचा आणि पावसाचा आवाज राहिला. वहिनी म्हणाल्या, “आता हे किक मारत बसतील.” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती.

पण डॉक्टरांनी किक मारली नाही. ते उतरले. पाणी मांड्यांच्या वर होतं, म्हणजे मोटारीसाठी ती जागा नव्हती. त्यांनी फटफटी सोडून दिली. ती एका अंगावर कलली आणि पडली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ते पाण्यातून आडवे चालत, पायानं तळ चाचपत खालच्या बाजूला गेले. तिथं पाणी पसरलेलं होतं आणि गुडघ्याच्या खाली होतं. मग आमच्याकडे तोंड करून, उलट पावलांनी मागं मागं सरकत, त्यांनी दोन्ही हातांनी मोटारीला बोलावलं. थांबू नको, एवढंच ते पुन्हा पुन्हा ओरडत होते. वहिनींनी मोटार घातली. पाणी दारातून आत आलं, मावशीनं माझे पाय उचलून धरले. गाडी थरथरली, एकदा बाजूला सरकली, पण वहिनींनी पाय काढला नाही. पुढच्या काठावर चाकं लागली तेव्हा वहिनी रडत होत्या आणि चालवत होत्या.

डॉक्टर धावत आले आणि पुढचं दार उघडून वहिनींच्या शेजारी बसले. बायकोच्या मोटारीत बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. भिजून चिंब, बूट पाण्यानं भरलेले, मिशीतून पाणी गळतंय. बसल्या बसल्या त्यांनी रस्ता सांगायला सुरुवात केली. डावीकडं घे, खड्डा हाय, हळू, आता दाब. त्या बंद मोटारीत त्यांचा आवाज असा काही घुमला की मावशीनं कानावर हात ठेवले. वहिनी समोरची नजर न काढता म्हणाल्या, “ओरडू नका. मी इथंच हाय.”

डॉक्टर गप्प बसले. अंबड येईपर्यंत ते खरोखर एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटतं, त्या दिवशीच्या सगळ्या कामांत त्यांना हेच सर्वांत अवघड गेलं असेल.

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून मुलगी झाली. मी शुद्धीवर आले तेव्हा वहिनी खाटेशी बसल्या होत्या. डॉक्टर बाहेरच्या व्हरांड्यात होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, की तुम्ही बाळाचे वडील का? ते म्हणाले, न्हाई, मी गुरांचा डॉक्टर. संध्याकाळी आमचे हे पायी आणि मिळेल त्या गाडीनं येऊन पोचले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मूल सुखरूप असल्याचं सांगितलं, आणि ते दवाखान्यातल्या सगळ्या खाटांना कळलं.

फटफटी दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांनी बैल लावून बाहेर काढली. मेकॅनिकनं ती उघडली तेव्हा आतून वाळू आणि एक छोटा खेकडा निघाला, असं वहिनी सांगायच्या. खेकडा मला खरा वाटत नाही. पण फटफटी पुन्हा चालू झाली आणि डॉक्टर पुन्हा तिच्यावर बसून बांधाबांधानं फिरू लागले. मोटारीत ते पुढं क्वचितच बसले. लोक चिडवायचे, की डॉक्टर, तुम्ही हरला, शेवटी मोटारच कामाला आली. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “मोटार चांगलीच हाय. पण तिच्या पुढं चालायला कोणीतरी लागतं.”

वहिनींचं मात्र काम वाढलं. कुणाची सून अडली, कुणाला साप चावला, कुणाच्या म्हातारीला दम लागला, की माणूस हिवराळ्यांच्या दारात येऊन उभा राहायचा आणि डॉक्टरांना नव्हे, वहिनींना विचारायचा. वहिनी पदर खोचून निघायच्या. ज्यांनी नावं ठेवली होती त्यांच्याही घरी त्या गेल्या, आणि तिथून परत यायच्या आधी त्यांना ओसरीवर बसवून, घरातल्याच कपात चहा दिला गेला. हे वहिनींनी मला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अर्थात गल्लीला ऐकू जाईल असं.

पुढं त्यांची बदली मंठ्याला झाली. निरोपाला दवाखान्याच्या आवारात गावोगावचे शेतकरी आले, काही जण जनावरंही घेऊन आले, जाता जाता एकदा बघून जा म्हणून. डॉक्टरांना बोलायला उभं केलं. ज्या माणसाचा आवाज दोन शेतांपलीकडं जायचा, त्याच्या तोंडून काहीच निघेना. टॉवेल हातात पिळत ते उभे राहिले आणि तसेच खाली बसले. मग वहिनी उठल्या आणि सगळ्यांचे नीट आभार मानून आल्या.

माझी मुलगी चार वर्षांची झाली, तेव्हा आम्ही तिला घेऊन मंठ्याला त्यांना भेटायला गेलो. वहिनींनी जेवू घातलं, मुलीला कडेवरून उतरू दिलं नाही. डॉक्टर मात्र सकाळीच कुठंतरी गेलेले. आम्ही दुपारभर वाट पाहिली. शेवटी एसटीची वेळ झाली. वहिनींना वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. म्हणाल्या, “ह्यांना गाठायचं तं गाईच्या पोटी जलम घ्यावा लागतो.”

गावाबाहेर पडून एसटी थोडी पुढं आली तोच यांनी माझा हात दाबला. रस्त्याला लागून एका शेतात बाभळीला टेकवून फटफटी उभी होती. पलीकडं एक गाय आडवी पडली होती, चार माणसं तिला धरून होती आणि डॉक्टर तिच्यामागं गुडघ्यांवर, उघड्या अंगानं, खांद्यापर्यंत हात आत घालून. यांनी कंडक्टरला विनंती केली. कंडक्टर त्याच बाजूचा, त्यानं डॉक्टरांना ओळखलं आणि घंटी मारली. गाडी थांबली. सगळे उतारू डाव्या बाजूच्या खिडक्यांना आले. कोणी घाई केली नाही. त्यात शेतकरीच जास्त होते, आणि काय चाललं आहे ते सगळ्यांना कळत होतं.

डॉक्टर जोर लावत होते, थांबत होते, पुन्हा लावत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मला खिडकीतून दिसत होता. मग एकदम ते मागं कोसळले आणि त्यांच्या अंगावर ते ओलं वासरू आलं. क्षणभर ते हललं नाही. डॉक्टरांनी त्याच्या नाकात बोट घातलं, तोंड पुसलं, गवताच्या काडीनं नाकपुडी डिवचली, बरगड्या चोळल्या. वासरू शिंकलं. एसटीतला एक म्हातारा मोठ्यानं श्वास सोडून खाली बसला.

तेव्हा कुठं त्यांनी रस्त्याकडं पाहिलं आणि खिडकीत आम्हाला ओळखलं. हात तर कोपराच्या वरपर्यंत रक्तानं भरलेले, ते दोन्ही वर करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ते ओरडले, “बाई, कालवड हाय! कालवड!”

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. ते वळून गायीकडं गेले आणि आमची गाडी निघाली. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. त्याच हिवाळ्यात हृदय बंद पडून ते गेले, आणि निरोप आमच्यापर्यंत पोचला तोवर सगळं होऊन गेलं होतं.

माझी मुलगी त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून बराच वेळ मागं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून तिनं काळजीनं विचारलं, “आई, ते काका कोणावर रागावले?”

मी म्हटलं, “कोणावरच नाही गं. त्यांना आनंद झालाय.”